हरळीवरचा, तपकिरी, बहुधा

सोहारला आमच्या कॅम्पबाहेरच्या गोलचौकात
हरळी विकत आणून लावली आहे, चौरस मीटरच्या भावाने.
हे घरी सांगितलं तेव्हा धाकटा चुलता फोनवर इतका हसला
की त्याला ठसका लागला.
आमच्याकडे ती विळ्याने काढायची, कुदळीने,
शेवटी शिव्यांनी.
इथे तिला जांभळ्या नळातून पाणी,
नळावर तीन भाषांत: पिऊ नका.

तिच्यावर तो बसला होता.
रंग तपकिरी. मातीचा नव्हे, चहाचाही नव्हे;
गंजलेला फ्लँज पुसून झाल्यावर
फडक्याचा होतो तो.
मागचे पंख आडवे, पुढचे अर्धे उभे,
मिशांच्या टोकाला आकडा,
डोकं धडापेक्षा रुंद, पैलवानासारखं.
मग नाही.
उडाला असं दिसलं नाही, नव्हता एवढंच.

मी इन्स्ट्रुमेंटवाला.
समुद्राचं गोडं पाणी करणाऱ्या प्लँटमध्ये
रात्रभर काटे वाचतो, आकडे लिहितो.
म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारी गेटपास धरून फोटो काढला,
मापाला.
फुलपाखरू हललं.
माझा पासवरचा चेहरा तेवढा स्पष्ट आला.

पुस्तकात दोन आहेत, जवळजवळ एकच.
एक म्हणे दुसऱ्यापेक्षा जरा गडद.
जरा म्हणजे किती?
असं रीडिंग लिहिलं तर आमचा शिफ्ट इंजिनिअर
पान फाडून हातात देईल.

मोखलेसला विचारलं. गवत कापणारा, सिल्हेटचा.
तो खाली बसला, बोटांनी हरळी विंचरली,
आणि एक पातं दाखवलं, कडेला कड शिवलेलं.
पोका आछे, म्हणाला. आत किडा आहे.
चार वर्षं तो हे पाहतोय,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पातं मी डब्यात घालून खोलीत आणलं.
अळी हिरवी, हरळीहून वेगळी काढता येणार नाही इतकी.
दिवसा नळीत झोपते, रात्री बाहेर येऊन खाते.
तुझीच शिफ्ट, सजित म्हणाला.
विष्ठा मात्र नळीत ठेवत नाही,
ताणून लांब उडवते.
हे सजितला फार पटलं; त्याने त्या दिवशी
माझ्या मोज्यांकडे बोट दाखवलं.

अंड्याचे चार दिवस, अळीचे वीस,
कोषाचे आठ, थंडी असेल तर जास्त.
मोखलेसचं यंत्र दर बाराव्या दिवशी.
हिशोब मी तीनदा मांडला.
या चौकात एकही फुलपाखरू असायला नको.

अकराव्या रात्री अळीने स्वतःभोवती पातं आवळलं,
कमरेला एक धागा, आणि थांबली.
मग कोष. त्यालाही हिरवाच रंग.
नंतर आतून पंख दिसू लागले, काळपट,
पाकिटातून दिसावं पत्र तसे.

निघाला तेव्हा मी ड्यूटीवर होतो.
सकाळी डब्यात फक्त साल.
एसी बंद केला, पडदे झटकले, बूट उलटे केले.
सजित गादीवरून उतरेना, पाय पडेल म्हणून.
शेवटी सापडला माझ्याच घोंगडीवर,
जिथे तो दिसणं शक्यच नव्हतं.
पेल्याने झाकून, खाली गेटपास सारून
चौकात नेला.
आणि तेव्हा पाहिलं:
व्हॉल्व्हच्या पेटीभोवती, यंत्र पोचत नाही तिथे
वितभर हरळी उभी आहे, बेशिस्त, शिवलेली,
घडीव पात्यांनी भरलेली.
मोखलेस म्हणाला, यंत्र पोचतं.

पेला उचलला.
आता तिथे तीन होते, की चार,
आणि त्यांतला आपला कुठला
हे मला, मी वाढवला असूनही, सांगता येईना.

वहीत लिहिलं: तारीख, वेळ, तापमान बावीस.
नावाच्या रकान्यात: बहुधा.
खाली सही केली.